खोली पाहिजे

बदलापूरला उतरलो तेव्हा खिशात 30,000 रुपये होते. त्यातले 12,000 मायनं दोन शेळ्या विकून दिलेले. 2022 चा मे महिना. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटावर लागलो होतो. पगार 16,000. एका गाववाल्याच्या खोलीत सात जण पाळीपाळीनं झोपायचो. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या गरम चादरीवर तिसऱ्या पाळीचा आडवा. बायको आणि दीड वर्षाचं पोर गावाकडं, परभणीच्या अंगाला. त्यांना आणायचं होतं.

मुंबईचं भाडं झेपत नाही. ठाण्याचं नाही, डोंबिवलीचं पण नाही. माणूस रुळाच्या कडंकडंनं सरकत जातो आणि भाडं झेपलं तिथं उतरतो. मी इथं उतरलो. बदलापूरची मला एकच गोष्ट माहीत होती. 1927 साली इथं शिवजयंतीचा उत्सव झाला, त्याचे अध्यक्ष बाबासाहेब होते. चरित्रात वाचलेलं. म्हणलं, ज्या गावानं बाबासाहेबांना अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवलं त्या गावात आपल्याला दहा बाय बाराची खोली मिळायला काय हरकत?

दलाल पोरगा चांगला होता. स्कूटरवर मागं बसवून पूर्वेला फिरवलं. वन रूम किचन, भाडं 5,500, डिपॉझिट 25,000, एक महिन्याचं भाडं त्याची दलाली. पहिल्या घरी मालकीणबाईंनी पाणी दिलं. पाणी देताना विचारलं, गाव कोणतं? सांगितलं. गावावरून काही कळेना. मग, नाव काय म्हणालात? नाव सांगितलं. पूर्ण नाव? सांगितलं. दोस्तांनो, माझं आडनाव इथं लिहीत नाही, तुमच्यातल्या निम्म्यांचं तेच आहे. बाईंचा चेहरा बदलला नाही. शिकलेल्या माणसांचा चेहरा बदलत नसतो. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही नॉनव्हेज खाता का हो?" मी म्हणलं, खातो. "मग अवघड आहे. आमचं देवाचं घर आहे." खालच्या मजल्यावरून सुरमई तळल्याचा वास येत होता. त्याबद्दल मी काही बोललो नाही. आज वाटतं बोलायला पाहिजे होतं.

दुसऱ्या घरी मालकाचा पुतण्या अचानक पुण्याहून येणार होता. तिसऱ्या घरी खोली कालच गेलेली. पाचव्या घरापर्यंत दलाल पोरानं स्कूटर थांबवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "भाऊ, राग मानू नका. नुसतं पहिलं नाव आणि वडलांचं नाव सांगत जा. पुढचं मी बघतो." तोही बिचारा पोट भरतो. त्याला मी शिवी दिली नाही. मनात दिली, पण कुणाला दिली ते मलाच कळलं नाही.

मग पश्चिमेला गेलो, नदीच्या बाजूला. तिथं सगळं सोपं. भाडं 3,500, डिपॉझिट 10,000. मालकानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मटण विचारलं नाही. "कधी येताय?" एवढंच. मला इतका आनंद झाला की मी बयाण्याचे पैसे मोजायला लागलो. तेवढ्यात भिंतीकडं लक्ष गेलं. नवा रंग होता, पण माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर आडवी एक रेघ त्यातून वर आलेली. खालच्या किराणा दुकानातल्या म्हाताऱ्या मावशीला विचारलं, ही कशाची रेघ? ती म्हणाली, "पाण्याची. 2005 च्या 26 जुलैला आलं, 2019 ला पुन्हा आलं. माझी दोन पोती साखर गेली बघ." 2019 चं मलाही आठवलं. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली होती, हजारावर माणसं बोटींनी काढली. टीव्हीवर बघितलं होतं. उल्हास नदी तीच.

नंतर कारखान्यातल्या एका सुपरवायझरनं सांगितलं, पाटबंधारे खातं नदीच्या नकाशावर दोन रेषा मारतं. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. माझ्या गावाच्या नकाशावर असल्या रेषा नाहीत, पण आमचा वाडा ओढ्याच्या काठाला, उतारावर. पाऊस झाला की गावाचं पाणी आमच्या चुलीत. उंचवट्यावर आडनाव विचारतात, उताराला कुणी काही विचारत नाही. इतक्या लांब येऊन मी तीच जागा बघत होतो, फक्त वर स्लॅब होता.

बयाणा दिला नाही. पोर दीड वर्षाचं होतं.

विहारातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना भेटलो. दादा म्हणाले, "आपल्या वस्तीत ये. कुणी विचारणार नाही. अडीनडीला माणसं आहेत." खरं होतं. पण फोनवर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "गावात वस्ती, शहरात वस्ती. पोरानं काय वस्तीच बघायची का जलमभर?" तिचंही खरं. बाबासाहेबांनी 1948 साली घटना समितीत खेड्यांबद्दल काय मत मांडलं ते आपण व्याख्यानातून सांगतो. पण खेडं सोडून जायचं कुठं, याचं उत्तर दलालाच्या स्कूटरवर मिळत नाही. दादांनी जबरदस्ती केली नाही. एक गोष्ट मात्र घोकून घेतली. "कुठंही घे, पण करार नोंदवून घे. 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्याचं 55 कलम आहे. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तुझ्या अटी खऱ्या धरतात. आणि अकरा महिने कुणी बाहेर काढणार नाही हे त्यात लिहून घे." हे मी तुमच्यासाठीही लिहितोय. लक्षात ठेवा.

पूर्वेला परत गेलो. या वेळी पहिलं नाव आणि वडलांचं नाव. दुसरा मजला, नळाला पाणी, मालक रिटायर झालेले काका. "व्हेज?" मी मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांनी ठरवलं. करारासाठी आधार कार्ड द्यावं लागलंच, ते दलालानं परस्पर केलं. काकांनी कागद नीट बघितला नसावा, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं असावं. 1 जून 2022 ते 30 एप्रिल 2023. बायको-पोर आले. बाबासाहेबांचा फोटो, लग्नात मिळालेला काचेचा, मी पेटीत घातला. कपड्याखाली. बायको बघत होती. काही बोलली नाही.

बडोद्याचं तुम्हाला माहीत आहे. 1917 साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली, काही तास बागेत बसून रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. रात्री झोप लागत नव्हती तेव्हा मी स्वतःची समजूत काढायचो, की बाबासाहेबांनाही नाव लपवावं लागलं. पण त्यांनी ते सगळं पुढं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं. आणि त्यांनी कुणाचा फोटो पेटीत घातला नव्हता.

5 डिसेंबरला माय आली. दुसऱ्या दिवशी चैत्यभूमीला जायचं होतं. पायावर पाणी घेऊन आत आली, चारी भिंतींवर नजर फिरवली. "बाबा कुठं हायती?" मी म्हणलं, खिळा ठोकायला मालक देत नाही. ती बायकोकडं बघत राहिली. बायकोनं पेटी उघडली. मायनं लुगड्याच्या पदरानं काच पुसली आणि म्हणाली, "शेळ्या यासाठी इकल्या व्हय रं मी?"

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

खिळा मीच ठोकला. शेजाऱ्यांकडून हातोडा मागून आणला.

जानेवारीत काका भाडं न्यायला आले. फोटोकडं बघितलं, पोराला बिस्कीट दिलं, गेले. पुढच्या आठवड्यात सेक्रेटरीचा निरोप, तुमच्या घरातून सुकटीचा वास येतो. मग जिन्यात चपला ठेवू नका. मग काकांचा फोन, मुलाचं लग्न ठरतंय, महिन्याभरात खोली रिकामी करा. मी म्हणलं, काका, करार 30 एप्रिलपर्यंत नोंदवलेला आहे. पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मग, "बरं." पुढं कुणी काही केलं नाही. चौदा एप्रिलला आम्ही गॅलरीत निळे दिवे लावले. शेजारच्या वहिनी खीर घेऊन गेल्या आणि वाटी धुऊन परत दिली. तीत साखर घालून. हेही लिहिलं पाहिजे.

करार पुन्हा केला नाही. त्यांनी कारण दिलं नाही, कायदा ते मागतही नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, कलम 4 मध्ये, कुठल्याही भागात घर घेण्याराहण्याला अस्पृश्यतेवरून आडकाठी करणं हा गुन्हा आहे. पण अस्पृश्यता असा शब्द या दहा-बारा घरांत कुणी एकदाही उच्चारला नाही. पुतण्या म्हणाले, देवघर म्हणाले, लग्न म्हणाले. पोलीस ठाण्यात काय सांगणार, सुरमईचा वास?

मग पुन्हा स्कूटर. तोच दलाल पोरगा. मी बसण्याआधीच सांगितलं, या वेळी प्रत्येक दारात पूर्ण नाव सांगायचं, आणि मटण खातो तेही. तो म्हणाला, "भाऊ, लई फिरावं लागंल." फिरलो. एकोणीस घरं. विसाव्या घरचा मालक ट्रक चालवतो, चढाला स्टेशनपासून अर्धा तास चालत, भाडं 6,000. त्यानं विचारलं, "वेळेवर देणार ना?" पाणी एक दिवसाआड येतं, लिफ्ट नाही, पावसाळ्यात पश्चिमेची भिंत ओल धरते. पण नदी लांब आहे.

तुमच्यापैकी कुणी इकडं खोली बघायला आलात तर आधी माझ्याकडं उतरा. रिक्षावाल्याला ट्रकवाल्याची बिल्डिंग विचारा. तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला दार, पाटीवर नाव आहे. पूर्ण.