गाळाचे माप

बुलढाणा जिल्ह्यात २०१८ साली ‘सुजलाम् सुफलाम्’ अभियान सुरू झाले. भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरविली, इंधनाचा खर्च शासनाने उचलला आणि तलावांतला गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने वाहून न्यावा, असे ठरले. पुढे एका कंपनीच्या साहाय्याने झालेल्या तशाच, पण लहान उपक्रमाच्या पाहणीसाठी मी मेहकर तालुक्यात गेलो. हाती अहवाल होता. किती घनमीटर गाळ निघाला, हे त्यात नीट मांडले होते.

विहिरींचे पाणी खरोखरच वाढले होते. एका बागायतदाराने काळीभोर झालेली जमीन मला अभिमानाने दाखविली. शेजारच्या मुरमाड तुकड्यात एक वृद्ध विधवा तुरीच्या शेंगा तोडीत होत्या.

“तुमच्या वावरात गाळ नाही टाकला, आजी?” मी विचारले.

“गाळ फुकट व्हता बाप्पा, टॅक्टर नव्हतं ना फुकट!”

मी अहवाल चाळला. आजींसाठी त्यात रकानाच नव्हता.

मोठ्या कंपन्यांच्या एक कोटी रुपये व त्यावरील सामाजिक प्रकल्पांच्या परिणामांची त्रयस्थाकडून तपासणी २०२१ पासून बंधनकारक झाली. अल्पभूधारकांना व विधवांना गाळवाहतुकीसाठी अनुदान देण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. तरीही कोणाच्या वावरात काय पोहोचले, हे बांधावर गेल्यावाचून कळत नाही. त्या दिवसापासून कोणत्याही गावी मी पाहणीला आरंभ करतो तो त्या मुरमाड तुकड्यांपासून.