नळ नसलेलं घर

हेलसिंकीहून यार्वेनपाला जाणारी लोकल अर्ध्या तासात शहर मागे टाकते. स्टेशनातून टूसुला तळ्याच्या बाजूने चालत गेलं की पाइनच्या झाडीत एक लाकडी घर लागतं: आइनोला. राजधानीत मित्रांच्या बैठकी आणि दारू यांत काम होईना, म्हणून संगीतकार जाँ सिबेलियस सप्टेंबर १९०४ मध्ये इथे राहायला आला. १९५७ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी, तो इथेच गेला.

वास्तुरचनाकार लार्स सोंककडे त्याचे हट्ट दोनच. घरातून तळं दिसावं आणि जेवणघरातली फायरप्लेस हिरवी असावी. स्वरांना रंग असतात असं त्याला जाणवे. हा हिरवा म्हणजे एफ मेजर! आणखी एक गोष्ट म्हणजे, तो असेतो घरात नळ आला नाही. पाण्याचा आवाज त्याला खपत नसे. पाणी विहिरीवरून यायचं. हे सगळे कौतुकाने सांगतात. मला मात्र ते वाहत कोण होतं, हाच प्रश्न पडला. भाजीचे वाफे त्याच्या पत्नीचे, आइनोबाईंचे, मुलींना घरी शिकवणंही त्यांचंच. घराला नाव त्यांचं दिलं, एवढं तरी बरं.

पण त्या शांततेत तो काय ऐकत होता? २१ एप्रिल १९१५ ला सोळा हंस डोक्यावर घिरट्या घालून गेले. आयुष्यातल्या थोर अनुभवांपैकी एक, असं त्याने डायरीत लिहिलं आणि लगेच त्यांच्या हाकेची तुलना क्रौंचांशी केली: जात वुडविंडचीच, फक्त कंप नाही. भारावलेल्या क्षणीही कान वाद्यवृंदकाराचाच! पाचव्या सिम्फनीच्या शेवटी हॉर्न्स जी झुलती धून धरतात, ती या हंसांची म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी, पन्नासाव्या वाढदिवशी, ती सिम्फनी त्याने सादर केली. समाधान झालं नाही. १९१९ पर्यंत ती तो बदलत राहिला.

१९२६ मध्ये अरण्यदेवतेवरचं ‘तापिओला’ आलं. पुढची तीसेक वर्षं जवळजवळ काहीच नाही. १९४० च्या दशकात त्याने कपड्यांच्या टोपलीत हस्तलिखितं गोळा करून जेवणघरातल्या आगीत टाकली. आठवी सिम्फनीही त्यातच गेली असावी. आइनोबाईंना ते बघवेना. त्या खोलीबाहेर गेल्या. त्यानंतर नवरा निवांत झाला, असं त्यांनीच सांगून ठेवलंय.

दोघांची कबर याच बागेत आहे. घर १९७४ पासून संग्रहालय म्हणून खुलं आहे, पण उन्हाळ्यातच. हिवाळ्यात जाऊ नका. आणि निघण्याआधी ‘तापिओला’ एकदा ऐकाच.