विरामचिन्हं काढताना गेलेल्या वेलांट्या

हुबळीतल्या एका मंडळाच्या जुन्या मराठी आणि कानडी स्मरणिकांची शब्दसूची करायचं काम आमच्याकडे आलं. मजकूर टंकून तयार होता. विरामचिन्हं काढायची, शब्द सुटे करायचे, मोजायचे. पायथॉन या संगणकभाषेत दोन ओळींचं काम. माझ्याबरोबरच्या कानडी मुलानं नेहमीचा तोडगा लावला: अक्षरं, अंक आणि मोकळी जागा ठेवायची, बाकी सगळं पुसायचं. जरा वेळानं तोच ओरडला, "सर, वेलांट्या गेल्या की हो सगळ्या!" 'धारवाड'चं 'धरवड' झालं होतं, 'हुबळी'चं 'हबळ'. कानडी पानांचीही तीच गत.

युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नव्हेत, अक्षराला जोडायच्या खुणा आहेत, आणि पायथॉनची ठरलेली शोधपद्धत त्यांना शब्दाचा भाग मानत नाही. इंग्रजी मजकुरावर हा तोडगा बिनबोभाट चालतो, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. पायथॉनकडे 32 चिन्हांची तयार यादीही आहे. तेवढीच पुसली तर मात्रा वाचतात, पण दंड (।) राहतो आणि वर्डमधली वळलेली अवतरणचिन्हंही राहतात. शेवटी प्रत्येक चिन्हाचा युनिकोड वर्ग तपासला आणि ज्याचा वर्ग 'पी'नं (पंक्च्युएशन, म्हणजे विरामचिन्ह) सुरू होतो तेवढंच काढलं.

काढलं म्हणजे त्या जागी मोकळी जागा ठेवली. नुसतं पुसलं असतं तर 'हुबळी-धारवाड' सलग एकच शब्द झाला असता. महापालिका 1962 मध्ये एक झाली हे खरं, पण मधले वीसेक किलोमीटर असे उडवून कसं चालेल? कवी 'द.रा.बेंद्रे' असं लिहिलेलं 'दराबेंद्रे' झालं असतं. कथाकार कुलकर्ण्यांच्या 'जी.ए.'चं मात्र 'जीए' झालं असतं, आणि त्याला धारवाडात कुणी हरकत घेतली नसती!

खरा ताप दिला तो विसर्गानं. निम्म्याअधिक टंकलेखकांनी 'दुःख', 'अंतःकरण' यांत विसर्गाऐवजी सरळ अपूर्णविराम ठोकला होता. डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला कळतो, आणि ते 'दु' वेगळं, 'ख' वेगळं करून मोकळं होतं. असे शब्द आधी यादी करून सुधारावे लागले, आणि मूळ मजकुराची प्रत हात न लावता बाजूला ठेवली.

स्मरणिका टंकणाऱ्यांना एवढीच विनंती: इन्स्क्रिप्ट कळफलकावर विसर्ग शिफ्ट दाबून वजाच्या कळीवर मिळतो. तोच वापरा.