मोल, मॉल आणि मराठी

गेल्या वीस वर्षांत मुंबईतील एकाच मॉलमध्ये आम्ही तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा खरेदी अशी फारशी झाली नाही. मात्र प्रत्येक वेळी परतताना मायबोलीविषयीचा एक प्रश्न मनात घेऊनच आम्ही बेळगावची गाडी धरली. तो प्रश्न वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ शब्दापासूनच करू. ‘मोल’ हा आपला जुना शब्द. संस्कृत ‘मूल्य’पासून प्राकृतातून तो मराठीत उतरला आणि मोलमजुरी, मोलकरीण, अनमोल, कवडीमोल असा त्याचा मोठा गोतावळा झाला. ‘मॉल’ कानाला त्याचा सख्खा भाऊ वाटतो. पण नाते काहीच नाही. चेंडू आणि मोगरीने खेळायचा एक इटालियन खेळ इंग्लंडात ‘पॉल मॉल’ म्हणून प्रसिद्ध झाला. तो जेथे खेळत त्या झाडीच्या रस्त्याला ‘मॉल’ म्हणू लागले, पुढे फेरफटका मारण्याच्या रस्त्यालाही तेच नाव पडले. सिमल्याचा मॉल रोड हा त्यातलाच. म्हणजे मुळात हा शब्द विक्रीचा नव्हे, विहाराचा. अमेरिकेत तो दुकानांच्या बंदिस्त संकुलास जाऊन चिकटला.

तसे पहिले पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित संकुल मिनेसोटा राज्यात ‘साउथडेल’ या नावाने 8 ऑक्टोबर 1956 रोजी उघडले. त्यानंतर चोवीसच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, भाषावार प्रांतरचना अमलात आली आणि आमचा बेळगाव जिल्हा मराठी मुलखापासून तुटला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही एकीने आमच्या पाटीवरची भाषा संकटात आणली आणि दुसरीने आमच्या जिभेवरची, असे आज मागे वळून पाहताना वाटते. साउथडेलचा वास्तुकार व्हिक्टर ग्रूएन हा व्हिएन्नाचा. आपल्या शहरातल्या चौकांसारखी, माणसांनी भेटावे-बोलावे अशी जागा त्याला निर्माण करायची होती. प्रत्यक्षात जे उभे राहिले ते पाहून उतारवयात त्याने या मॉलांचे पितृत्वच नाकारले.

आम्ही पहिल्यांदा मॉल पाहिला तो 2004 च्या दिवाळीनंतर. मुंबईत त्यापूर्वीच, 1999 साली, ताडदेवला ‘क्रॉसरोड्स’ सुरू झाला होता आणि तेथे लोटलेल्या बघ्यांच्या गर्दीच्या कथा आमच्यापर्यंत पोहोचल्या होत्या. आम्ही गेलो तो मॉल गिरणगावातला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातला. सरकत्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी आमच्या आत्या पदर खोचून उभ्या राहिल्या त्या हललयाच नाहीत. शेवटी एका अनोळखी मुलीने त्यांचा हात धरला. वर पोहोचल्यावर आत्यांनी समोरच्या साडीला हात लावून विचारले, “केवढ्याला दिलीस गं?” विक्रेतीने काही न बोलता साडीला टाचलेली चिठ्ठी उलटून दाखवली. आत्यांनी आकडा वाचला, चिठ्ठी सोडून दिली आणि म्हणाल्या, “मग बोलायचं काय इथं?”

त्या वेळी आम्ही हसलो. त्या प्रश्नात एक अख्खे भाषाशास्त्र होते, हे कळायला पुढली दहा वर्षे लागली.

बेळगावचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार, रविवार पेठ. यांतल्या कुठल्याही दुकानाची पायरी चढा, व्यवहाराआधी संवाद सुरू होतो. “या ओ, बसा की!” असे स्वागत होते, आणि पाठोपाठ आलेल्या गिऱ्हाईकाला त्याच तोंडाने “बर्री, कूड्री” म्हटले जाते. भाव सांगणे, तो ऐकून उठल्यासारखे करणे, “सकाळची भवानी आहे, परत पाठवू नका” ही विनवणी, मध्येच घरच्यांची चौकशी, शेवटी दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सोडणे. या घासाघिशीला काटकसरीपलीकडचे मोल होते. शाळेत कधी न गेलेली बाई तेथे म्हणी वापरी, उपरोध करी, हिशेब तोंडी मांडी. व्याकरण न शिकवता भाषा शिकवणारी ती पाठशाळा होती. कन्नड आणि मराठी तेथे शेजारी शेजारी बसत, एकमेकींकडून शब्द आणि हेल उसने घेत. आमच्या बोलीतला तो ‘ओ’ आणि वाक्याच्या शेपटीचा ‘की’ हे त्या शेजाराचेच देणे असावे.

मॉलमध्ये किंमत चिठ्ठीवर येते आणि बोलण्याचे कारणच संपते. तेथे मराठीवर बंदी नसते. बंदी असती तर आम्ही सीमाभागातले लोक तिच्याशी कसे लढायचे ते जाणतो. तेथे मराठीची गरजच उरत नाही, आणि गरज उरली नाही की भाषा तक्रार न करता निघून जाते.

दुसऱ्या खेपेस, 2013 च्या सुमारास, मॉल बदलला होता आणि आम्हीही. पहिल्या वेळची बरीच दुकाने दिसली नाहीत, त्यांच्या जागी परदेशी नावे आली होती. कापडाच्या दालनांपेक्षा खाण्याच्या मजल्यावर आणि चित्रपटगृहांपाशी गर्दी अधिक होती. सरकत्या जिन्याचे भय कोणालाच उरले नव्हते. आम्ही सराईतासारखे फिरलो, आणि सांगताना संकोच वाटतो, सराईतासारखे हिंदीत बोललो. “भैया, ये कितने का है?” हे वाक्य आमच्या तोंडून गेले तेव्हा काचेबाहेर जुन्या गिरणीचे धुराडे दिसत होते.

त्या धुराड्याखाली कोण राबत होते? कोकणातून, घाटावरून, आमच्या शेजारच्या आजरा-चंदगडाकडून आलेली माणसे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणी कामगार अग्रभागी होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यांतले बहुतेक पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींवर दुसरे काही उभारण्याची वाट मोकळी केली. ज्या मुंबईसाठी आमच्या वडीलधाऱ्यांनी सत्याग्रह केले, तिच्या मध्यभागी, कोणी सांगितलेले नसताना, आम्ही आमची भाषा स्वतःहून खिशात घातली होती.

तिसरी भेट गेल्या वर्षीची. या वेळी मात्र दारातच मन सुखावले. प्रत्येक दुकानावर ठसठशीत देवनागरी पाटी! 2022 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, 2023 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, त्याचे हे फळ. जवळ जाऊन पाट्या वाचू लागलो तसा आनंद ओसरू लागला. बहुतेक सर्व इंग्रजी नावेच, देवनागरीत लिहिलेली. आत फलक इंग्रजी, घोषणा हिंदी, आणि खाण्याच्या मजल्यावर मागणी नोंदवण्याच्या यंत्राने विचारलेल्या भाषांत मराठी नव्हती. लिपी आली होती, भाषा यायची राहिली होती.

आमच्याकडे नेमके उलटे आहे. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीनुसार पाटीचा साठ टक्के भाग कन्नडसाठी राखावा लागतो. मराठी अक्षरे आक्रसत चालली आहेत आणि त्याविरुद्ध आम्ही लढत आहोत, लढत राहू. पण त्या पाटीखाली गल्ल्यावर बसलेला माणूस अजून मराठीत बोलतो. पाटी गमावलेली भाषा तोंडात तग धरते. तोंडातून गेलेली भाषा केवळ पाटीच्या आधारे किती काळ टिकेल?

बाहेर पडताना दारावरच्या वयस्क रखवालदाराला आम्ही, या खेपेस ठरवून, मराठीत रस्ता विचारला. त्याने चमकून पाहिले. “कुठनं आलासा?” बेळगावहून, असे सांगताच तो खुलला, “बेळगावात कुठं ओ?” गडी चंदगड तालुक्यातला निघाला. लहानपणी बाजाराला बेळगावातच येत असे. मराठी बोलायला मिळते का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “येतात निम्मे मराठीच ओ. पण ह्या दारातनं आत शिरताना सगळे हिंदी होतात.”

वीस वर्षांपूर्वी त्या दारातून आत जाऊन ‘हिंदी’ झालेल्यांत आम्हीही होतो. म्हणून दोष कोणा मॉलच्या मालकाला देण्यापूर्वी आम्ही तो स्वतःच्या नावे मांडतो.

आता बेळगावातही वातानुकूलित संकुले उभी राहिली आहेत. मुले तेथेच रमतात, निम्मी खरेदी तर घरबसल्या मोबाईलवर होते आणि तेथे चिठ्ठी दाखवणारी विक्रेतीही नसते. हा ओघ थांबवणे आमच्या हाती नाही. पण मॉलमध्ये काउंटरवरचे पहिले वाक्य कोणत्या भाषेत उच्चारायचे, हे पूर्णपणे आमच्याच हाती आहे. समोरचा कन्नड बोलला तर कन्नडमध्ये उत्तर द्यावे, हिंदी बोलला तर हिंदीत द्यावे, त्यात कमीपणा नाही. सुरुवात मात्र आपण आपल्या भाषेत करावी. पाट्यांसाठी न्यायालयात जाणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना एवढे तरी साधायला हवे.

आत्या आज नाहीत. “मग बोलायचं काय इथं?” या त्यांच्या प्रश्नाला आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. पुढच्या खेपेस त्या दारातून आत जाताना आम्ही मराठीतच बोलणार आहोत. भाव चिठ्ठीवर लिहिलेला असला तरी तो विचारणार आहोत.