हातात किती पडतात?

जुलै उजाडला की माझ्या गाळ्यात लोक अंधार पडल्यावर यायला लागतात. दिवसा धारणगाव रोडला वर्दळ असते, कोण कुणाच्या पायऱ्या चढलं हे समोरच्या टपरीवरून दिसतं. दवाखान्यात माणूस उजळ माथ्यानं जातो, वकिलाकडेही जातो. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरणाऱ्या बाईकडे येताना मात्र गाडी पुढच्या कोपऱ्यावर लावतो आणि चालत येतो. आल्यावर पहिली पाच मिनिटं नळाला पाणी कधी सुटणार यात जातात. मग खुर्ची पुढं ओढून, हळू आवाजात पहिला प्रश्न येतो. तो कराचा नसतोच.

"ताई, आमच्या शाळेतलं कुणी येऊन गेलं का?"

येऊन गेलेलं असतं. मी म्हणते, "नाही आठवत बाई."

गंमत म्हणजे हे विचारणारे जिल्हा परिषदेचे गुरुजी असतात. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचा स्तर एस-१०, मूळ वेतन २९,२०० पासून ९२,३०० पर्यंत. तक्ता शासनानंच छापलाय. नोकरीला कधी लागले एवढं कळलं की उरलेला हिशेब कुणीही बोटांवर करील. मग लपवायचं काय? सुरुवातीची काही वर्षं मला हे कोडं सुटत नव्हतं. पगारपत्रकं बघून बघून सुटलं. पगार सगळ्यांना ठाऊक असतो, कपाती ठाऊक नसतात. शिक्षक सोसायटीचा हप्ता, घराचा हप्ता, मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिल्यामुळं कापला जाणारा हप्ता. आमच्याकडे कोणी "पगार किती" असं विचारत नाही. "हातात किती पडतात" असं विचारतात. झाकायचा असतो तो हातातला आकडा.

जामीन हा शब्द आला म्हणून सांगते. आमचं कोपरगाव हे पतसंस्थांचं गाव. कर्ज घ्यायचं तर जामीनदार लागतो, आणि जामीनदार पगारदार असेल तर सोन्याहून पिवळं. तुमचा पगार दोन माणसांना कळला की तिसरा माणूस कर्जाचा फॉर्म घेऊन दारात. नाही म्हणावं तर भाऊबंद तुटतो, हो म्हणावं तर झोप उडते. त्यामुळं "भागतं कसंबसं" हे आमच्याकडचं उत्तर नम्रपणातून आलेलं नाही, ती दाराची कडी आहे. शिवाय गणपतीची वर्गणी, सप्त्याची पंगत, पुतणीचं लग्न. आकडा उघडा पडला की त्यावर हक्क सांगणारे गोळा होतात. दृष्ट लागते म्हणतात ती मला तरी अशीच लागताना दिसली आहे.

माझ्या लहानपणी असं नव्हतं. निदान आमच्या कॉलनीत नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोळपेवाडीच्या साखर कारखान्यात स्लिपबॉय म्हणून लागले आणि शेतकी खात्यातले क्लार्क म्हणून निवृत्त झाले. साखर कामगारांचा पगार त्रिपक्षीय करारानं ठरतो. शासन, कारखाने आणि कामगार संघटना बसतात, वाढीचे टक्के ठरतात, दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. कोण कुठल्या ग्रेडला आहे, हंगामी माणसाला बंद हंगामात रिटेन्शन किती मिळणार, हे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. दिवाळीआधी बोनसची घोषणा झाली की आम्हाला कळायच्या आधी मेन रोडच्या कापडवाल्याला कळायची. पगाराचं पाकीट अण्णा देवापुढं ठेवायचे, आजी कुंकू लावायची, मग ते आईच्या डब्यात जायचं. दार उघडंच असायचं. शेजारच्या काकू त्याच वेळी विरजण मागायला आलेल्या असायच्या.

शेतकरी चुलत्याचंही तसंच. ऊस काट्यावर जातो, काटापावती निघते. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, केंद्र सरकार जाहीर करतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. उताऱ्याप्रमाणं त्यात कमीजास्त, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. शेजाऱ्याच्या किती गाड्या गेल्या हे बांधावरून मोजता येतं. शेतकऱ्याचं उत्पन्न झाकून राहतच नाही. तो झाकतो ती सोसायटीची थकबाकी.

कारखान्याच्या त्या उजेडातून मी २००३ साली एका खाजगी पेढीवर कामाला लागले. पेढीचं नाव लिहीत नाही. पहिल्या पगाराला मालकांनी बंद पाकीट दिलं आणि म्हणाले, "आपसात पगाराची चर्चा करायची नाही. वातावरण बिघडतं." मला हे फार शहरी, फार सभ्य वाटलं होतं. पाकिटात २,२०० रुपये होते. माझ्यानंतर चार महिन्यांनी एक मुलगा लागला. कॉलेजात माझ्या एक वर्ष मागं होता, टॅली मीच त्याला शिकवलं. पुढच्या दिवाळीत हिशेबनीस आजारी पडले आणि वेतनाचं रजिस्टर उतरवून काढायचं काम माझ्याकडं आलं. त्याच्या नावापुढं ३,००० होते.

त्या क्षणी मला राग आला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण राग आला नाही. लाज वाटली, चोरून काही पाहिल्यासारखी. आणि दोन मिनिटांत मी मालकाच्या वतीनं स्वतःची समजूतही घातली: त्याला घर चालवायचंय. वास्तविक त्याचे वडील नोकरीत होते आणि आमचे अण्णा त्याच वर्षी निवृत्त झाले होते. घर मी चालवत होते. रजिस्टर नीट उतरवलं, बेरीज जुळवली, जागेवर ठेवलं. अजून सव्वा वर्ष तिथं काम केलं आणि वातावरण अजिबात बिघडू दिलं नाही.

हे सगळं मी विसरूनही गेले होते. आठवण झाली २०२२ च्या जुलैत.

त्या संध्याकाळी टेबलावर दोन फॉर्म १६ होते, एकाच कंपनीचे. एक सकाळी एक जण ठेवून गेला होता, दुसरा घेऊन एक मुलगी समोर बसली होती. (दोघांची ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून लिहिते, पैशांचं अंतर मात्र खरं आहे.) एकच विभाग, एकच हुद्दा. तिची नोकरी सहा वर्षांची, त्याची तीन. त्याचं वर्षाचं ४,३२,०००, तिचं ३,१२,०००. महिन्याला दहा हजार. तिनं फाइलवर फाइल ठेवल्यामुळं त्याचा कागद झाकला गेला होता. म्हणजे अक्षरशः तिच्या हाताखाली होता.

ती बडबडी आहे. नव्या माणसांना काम शिकवावं लागतं, मग ते पुढं जातात, असं हसत सांगत होती. एकदम थांबून म्हणाली, "ताई, तुम्ही इतक्या लोकांचं बघता. माझा पगार बरोबर आहे का हो?"

मी म्हटलं, "हिशेब बरोबर आहे. टीडीएस काही कापलेला नाही."

ती खूश होऊन गेली. पाचशे रुपये फी ठेवली, वर पेढ्याचा पुडा. तो पुडा मी घरी नेला नाही, समोरच्या टपरीवाल्याच्या पोरांना दिला.

माझं काय चुकलं, असं मी तेव्हापासून बऱ्याचदा स्वतःला विचारलंय. एकाचा कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही हा या धंद्याचा पहिला नियम आहे आणि तो मला पटतो. तो नियम नसता तर माझ्या गाळ्यात रात्री काय, अमावस्येलाही कुणी आलं नसतं. समान कामाला समान वेतन हा कायदा या देशात १९७६ सालीच झाला. स्त्री म्हणून कमी देता येत नाही, हे आता वेतन संहितेत आहे. पण शेजारच्याला किती मिळतात हे ज्या बाईला माहीतच नाही, तिनं तो कायदा कुठल्या हातानं उघडायचा? मला वाटतं, गावात पगार लपवण्याची जी काय कारणं असतील ती असोत, उसनवारीची, जामिनाची, दृष्टीची. ती माणसांची कारणं आहेत आणि मला ती समजतात. पण ऑफिसात पगाराबद्दल बोलू नका असं जेव्हा मालक सांगतो, तेव्हा त्या गप्प बसण्याचा दर महिन्याचा फायदा एकालाच होतो. तिच्या बाबतीत तो दहा हजार होता. माझ्या बाबतीत आठशे.

आणि हो, माणसं फक्त कमी सांगतात असंही नाही. एकाच घराचे माझ्याकडे तीन आकडे असतात. शिष्यवृत्तीच्या दाखल्याला तहसीलमध्ये एक, कर्जाला बँकेत दुसरा, सोयरिकीला तिसरा. एक मुलगा दोन वर्षं म्हणत होता, "मॅडम, लग्न जमेपर्यंत उत्पन्न जरा जास्त दाखवा." बायोडाटात पॅकेज नऊ लाख होतं, हातात पडत होते बेचाळीस हजार. मी नाही म्हटलं. पुढं त्याचं लग्न जमलं, कुणाच्या रिटर्नवर ते मी विचारलं नाही. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. ज्या बायकांना नवऱ्याचा पगार कधी सांगितलेलाच नव्हता त्या विचारायला आल्या, "ह्यांचं अडीच लाखांच्या वर जातं का हो?" माझ्या टेबलापलीकडे बसलेल्या बाईला स्वतःच्या घरातली मिळकत परक्या बाईला विचारावी लागते, आणि मी तीही सांगत नाही.

बायकाही काही कमी नाहीत. २०२१ च्या नोव्हेंबरात आयकर खात्यानं एआयएस नावाचं वार्षिक विवरण सुरू केलं. पॅन टाकला की बँकेचं व्याज, ठेवी, शेअर, सगळं एका पानावर. पुढच्या हंगामात एक निवृत्त जोडपं आलं. बाईंचं पान उघडलं आणि मी सवयीनं मोठ्यानं वाचलं, "ठेवीवरचं व्याज एकतीस हजार." काका म्हणाले, "कुठल्या ठेवीवरचं?" काकू पंख्याकडे बघत राहिल्या. तीस वर्षं भाजीच्या पैशांतून साठवलेलं माझ्या एका वाक्यानं उघडं पडलं. तेव्हापासून नवरा-बायको जोडीनं आले की मी स्क्रीन भिंतीकडे वळवून ठेवते.

करासाठी लोक लपवतात ही समजूतही आता सोडून द्यायला हवी. शेतीचं उत्पन्न करमुक्तच आहे. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंत कर शून्य, पगारदाराला पाऊण लाखाची वजावट वेगळी. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना एक रुपया भरावा लागत नाही. तरी गाडी अजून पुढच्याच कोपऱ्यावर.

नॉर्वेत म्हणे कुणाचंही करपात्र उत्पन्न कुणालाही बघता येतं. २०१४ पासून फक्त एवढंच बदललं की कुणी बघितलं हे ज्याचं बघितलं त्याला कळतं. हे मी टपरीवर सांगितलं तेव्हा सगळे हसले. एक जण म्हणाला, "इथं केलं तर पहिल्या दिवशी गाव बघंल आणि दुसऱ्या दिवशी गाव भांडंल." मला त्यात तथ्य वाटलं. भांडण कशावरून होईल याचाही अंदाज आहे.

फॉर्म १६ घेऊन आलेल्या त्या मुलीला मी पुढच्या वर्षी एक सांगितलं. कागद दाखवला नाही, नाव घेतलं नाही. म्हटलं, "तू शिकवलेल्या माणसांना चहाला ने आणि सरळ विचार, हातात किती पडतात. आधी स्वतःचा आकडा सांग, मग विचार." तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तिला काय कळायचं ते कळलं असावं. म्हणाली, "तुम्हाला मागच्या वर्षीच माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. त्या वर्षी तिनं पेढे आणले नाहीत. त्यानंतर ती आलीही नाही. नाशिकला दुसरीकडे लागली, रिटर्न आता मोबाइलवर स्वतः भरते, असं तिच्या मावशीकडून कळलं.

दुसऱ्याला सांगायचं तर आधी आपण सांगावं, म्हणून या लेखाच्या शेवटी मी माझं गेल्या वर्षीचं निव्वळ उत्पन्न लिहिलं होतं. पाठवायच्या आधी ह्यांनी वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीवर थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एवढे?" बावीस वर्षांच्या संसारात त्यांना तो आकडा पहिल्यांदा कळत होता. मग म्हणाले, "खोड तेवढं. धाकटा भाऊ हा अंक वाचतो, आणि त्याला सध्या जामीनदार हवाय."

खोडला.