उसनी चाल

आज थोडे चालींविषयी लिहितो आणि माझ्या एका चुकीविषयीही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात माझे कीर्तन चालू होते. मागे टाळकऱ्यांत एक कोवळा पोरगा होता, गळा गोड. त्याने अभंगाचा चरण चित्रपटातल्या गाण्याच्या चालीवर उचलला. मी हात वर करून त्याला भर कीर्तनात थांबवले, दोन टोचरे शब्द बोललो. सभा हसली. पोराने टाळ खाली ठेवले. पुढे तो कीर्तनात कधी उभा राहिला नाही, असे ऐकले.

तेव्हा वाटले, परंपरा राखली. पण परंपरा काय सांगते? १२९० साली माउलींनी ज्या ओवीत ज्ञानेश्वरी सांगितली, ती ओवी बायाबापड्यांच्या ओठांवर आधीपासून होती. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद बाराव्या शतकातल्या सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लासा’त आहे. नाथमहाराजांनी तर वासुदेव, जोशी, गोंधळी यांना त्यांच्या ढंगासकट भारुडात आणले.

नाटकाचेही तेच. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’त कीर्तनातल्या साकी-दिंड्या आल्या, लावणीची चालही आली. १९११ च्या ‘मानापमाना’साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरबेकडच्या ठुमरी-कजरीचा ढंग घेतला. आज ती पदे ऐकताना कजरी कोणाला आठवते?

मर्म इथेच आहे. चाल उसनी घेण्यात दोष नाही, पण सासरी आलेल्या लेकीसारखी ती नव्या घरी नांदली पाहिजे. चित्रपटातली ताजी चाल कानी पडताच श्रोत्याच्या ओठांवर जुने शब्द येतात, डोळ्यांपुढे नट-नटी उभे राहतात आणि विटेवरचा देव मागे पडतो. म्हणून ती चाल तिथे नको होती, असे मी आजही म्हणेन.

पण त्या पोराला दुसरी चाल शिकवली होती कोणी? जे कानावर पडले, तेच त्याने देवापुढे ठेवले. कीर्तन आटोपल्यावर त्याला शेजारी बसवून एक जुनी चाल सांगायला मला अर्धी घटका लागली असती.

तुमच्या गावातही असा एखादा पोरगा असेल. त्याला अडवण्याआधी एक चाल द्या. माझ्याकडून ते राहून गेले.

रामकृष्णहरी.