शिदोरी आणि शिधा

‘शिदोरी’ या शब्दाची मराठीत, विशेषतः मराठीच्या प्राध्यापकांच्या मराठीत, फार हेळसांड झाली आहे. निरोपसमारंभात विद्यार्थ्यांना ‘संस्कारांची शिदोरी’ दिली जाते, सेवानिवृत्त होणारे गृहस्थ ‘अनुभवांची शिदोरी’ घेऊन घरी जातात, आणि एखाद्या प्रस्तावनेत कवीला बालपणीच्या आठवणींची शिदोरी जन्मभर पुरते. जन्मभर पुरणारी शिदोरी आम्ही अद्याप पाहिलेली नाही. भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. पोळीला तिसऱ्या दिवशी वास येऊ लागतो. दुधात भिजवलेली दशमी थंडीच्या दिवसांत कशीबशी तीन दिवस तग धरते. शिजवलेले, बांधून घेतलेले आणि लवकर विटणारे अन्न म्हणजे शिदोरी. टिकतो तो शिधा: तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, गूळ. पण शिध्याला चूल लागते, पाणी लागते, वेळ लागतो. हा भेद शब्दकोशात पाहिल्याने कळतो तितका पुरेसा कळत नाही. पाठीवर ओझे घेऊन डोंगरात काही दिवस चालल्यावर तो पोटाने कळतो.

2022 च्या डिसेंबरात आम्ही तिघे रतनवाडीहून भीमाशंकरपर्यंत सह्याद्रीच्या माथ्याने चालत गेलो. रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड, तोलार खिंडीने खिरेश्वर, पुढे नाणेघाट, जीवधनच्या पायथ्याचे घाटघर, ढाकोबा, दुर्ग, आहुपे आणि भीमाशंकर असा नऊ दिवसांचा मार्ग होता. पंचविशीतले गिरिप्रेमी तो याहून कमी दिवसांत पुरा करतील. आम्ही तिघेही चाळिशी ओलांडलेले, वर्गात उभे राहण्याची सवय असलेले आणि चढावर थांबून थांबून बोलणारे. शिवाय आमच्यातील एकास मधुमेह आहे. सकाळची गोळी घेतली की त्याला जेवण लांबवता येत नाही. त्यामुळे या वाटचालीत अन्नाचा विचार हा सोयीचा वा आवडीनिवडीचा विषय नव्हता.

हिशेब साधा होता. दर माणशी दिवसाला सहाशे ग्रॅम कोरडे अन्न धरले, तर तिघांना नऊ दिवसांसाठी 16 किलो 200 ग्रॅम लागते. पहिल्याच दिवशी ते सारे वाटून घेतले तर प्रत्येकाच्या पाठीवर 5 किलो 400 ग्रॅम नुसते अन्न येते; पाणी, अंथरूण, भांडी, स्टोव्ह हे वेगळे. म्हणून वाटेचे तीन तुकडे केले. चार दिवसांचे 7 किलो 200 ग्रॅम बरोबर न्यायचे, दोन दिवसांचे 3 किलो 600 ग्रॅम खिरेश्वरला आणि उरलेल्या तीन दिवसांचे 5 किलो 400 ग्रॅम घाटघरला आधीच पोचते करायचे. आरंभीचे ओझे माणशी 2 किलो 400 ग्रॅमवर आले. कागदावर ही तीन किलोंची बचत किरकोळ दिसते. रतनगडाच्या लोखंडी शिडीवर ती किरकोळ वाटत नाही.

हे गणित मांडत असताना आमच्यातील एकाला ‘मेघदूत’ आठवले, आणि आठवण अस्थानी नव्हती. पूर्वमेघ हा एका दीर्घ पल्ल्याच्या प्रवासाचा आराखडाच आहे, आणि त्यात अन्नाची सोय दोन तऱ्हांनी लावलेली आहे. मानसाकडे निघालेले राजहंस कमळाच्या कोवळ्या देठांचे पाथेय चोचीत घेऊन मेघाला सोबत करतात. त्यांचे सारे सामान त्यांच्याबरोबर. मेघाने मात्र काहीच बरोबर न्यायचे नाही. थकला की शिखरावर टेकायचे, रिता झाला की वाटेतल्या प्रवाहाचे हलके पाणी प्यायचे, असे यक्ष त्याला सांगतो. नदीगणिक मुक्काम, मुक्कामागणिक भरणा. आम्ही या श्लोकांचे अलंकार अनेक वर्षे शिकवले, पण या व्यवहारी बाजूकडे कोणी लक्ष वेधल्याचे स्मरत नाही. एका बाबतीत मात्र यक्षाशी आमचे जमले नाही. रेवेचे पाणी पिऊन जड हो, म्हणजे वारा तुला भिरकावून देणार नाही, असा त्याचा सल्ला आहे. भरलेपणाचे हे कौतुक ज्याने पाठीवर काही वाहिले नाही त्यालाच परवडते.

खिरेश्वर आणि घाटघर येथे डबे पोचवण्याचे काम यक्षाच्या योजनेइतके काव्यात्म नव्हते. तेलाचे पत्र्याचे डबे घेतले, कारण घरोघरी उंदीर असतात आणि प्लास्टिकच्या पिशवीला उंदीर जुमानत नाहीत. खिरेश्वरचा डबा खुबी फाट्यापर्यंत गाडीने नेऊन एका ओळखीच्या घरी ठेवला. घाटघरचा डबा जुन्नरहून एस.टी.ने गेला. तालुक्याच्या गावी शिकायला राहिलेल्या मुलाचा जेवणाचा डबा आई सकाळी गाडीत ठेवते आणि वाहक तो पोचवतो, हा महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातील एक मोठा अध्याय आहे. आमच्यातील एकजण दोन वर्षे अशाच डब्यावर जगला. त्यामुळे या व्यवस्थेवर त्याची श्रद्धा अढळ होती. डब्यावर नावाबरोबर तालुका लिहिणे अगत्याचे असते. घाटघर दोन आहेत: एक अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला, दुसरे जुन्नर तालुक्यात जीवधनखाली. आमची वाट पहिल्याच्या जवळून निघून दुसऱ्याकडे जाणारी, तेव्हा डबा मागे राहून आम्ही पुढे जाण्याची शक्यता केवळ तात्त्विक नव्हती.

डब्यांत काय असावे यावर निघण्यापूर्वी आमच्यात जितकी चर्चा झाली तितकी अभ्यासमंडळाच्या बैठकीतही होत नाही. तांदूळ आणि मुगाची डाळ यांवर एकमत होते. मूगडाळ लवकर शिजते, आणि इंधन हेही ओझेच आहे. तुरीच्या डाळीच्या बाजूने बोलणारा एकटा पडला. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, सांडगी मिरची, भाजणी, डिंकाचे लाडू, खजूर, दुधाची पावडर, चहा. मॅगीची पाकिटे हलकी खरी, पण ती पिशवीतली जागा अडवतात आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. मीठ मात्र अंदाजापेक्षा अधिक घ्यावे. दिवसभर घाम गाळणाऱ्याला ते लागते. मधुमेही मित्राच्या गोळ्या तीन ठिकाणी विभागल्या होत्या: थोड्या त्याच्याजवळ, थोड्या दुसऱ्याच्या पिशवीत आणि थोड्या घाटघरच्या डब्यात. तिघांच्याही खिशात गुळाचा खडा असावा हा नियम त्याच्या पत्नीने घातला होता. तिला आम्ही वहिनी म्हणतो, आणि त्यांचे नियम मोडण्याची आमची छाती नाही.

पहिल्या चार दिवसांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ते सुखाचे होते. हरिश्चंद्रगडावर आता सुटीच्या दिवशी तंबूंची वस्ती उभी राहते आणि पिठले-भाकरी विकत मिळते. जुने भटके यावर नाक मुरडतात. आम्हाला ते नाक मुरडणे पटत नाही. पूर्वी हीच भाकरी पायथ्याच्या गावकऱ्यांकडून फुकट खाऊन तिला ‘अगत्य’ म्हणण्याची रीत होती. आता तिचे पैसे होतात आणि ते गावात राहतात. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ याच गडावर रचले असे मानले जाते. ते चौदाशे वर्षे जगले ही आख्यायिका खरी धरली तर त्यांच्या शिध्याची व्यवस्था कोणी आणि कशी लावली असेल, यावर केदारेश्वराच्या गुहेपाशी बसून आम्ही बराच वेळ घालवला. ग्रंथाविषयी त्या मानाने कमी बोलणे झाले.

पाण्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधण्याआधी पाणी पाहावे, ते नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, आणि एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये असा उपदेश आहे. राजनीतीचा ग्रंथ म्हणून आपण तो वाचतो. डिसेंबरात माथ्यावरचे ओढे आटू लागलेले असताना तो वाटाड्याचा ग्रंथ वाटू लागतो. पिशवीत तांदूळ कितीही असोत, मुक्काम टाक्यापाशीच पडतो. जेवणाची आखणी प्रथम पाण्याच्या जागांवर करावी लागते आणि मग धान्याच्या. जीवधनावरचे दगडी धान्यकोठार आजही उभे आहे, पण त्याच्या बांधणीचे कौतुक करताना आमचे डोळे टाक्याच शोधत होते.

सातव्या दिवशी ढाकोब्याच्या बाजूला कड्यालगत विसावलो असताना माकडांनी एक पिशवी नेली. आमच्या हाताच्या अंतरावरून नेली, आणि कड्याच्या कपारीत बसून आमच्या देखत उघडली. नेमकी तीच पिशवी त्या दिवसाच्या शिदोरीची होती: आदल्या रात्री घाटघरला भाजून घेतलेल्या भाकऱ्या, चटणी, लाडू. आमच्याजवळ तीन दिवसांचा शिधा शाबूत होता आणि खाण्यासारखे काही नव्हते. तांदूळ होते, डाळ होती, स्टोव्ह होता. पाणी पिण्यापुरतेच उरले होते आणि पुढचे पाणी तासाभराच्या वाटेवर होते. मित्राने सकाळी गोळी घेतलेली. अकराच्या सुमारास त्याच्या बोटांना कंप सुटला, कपाळावर घाम आला, आणि एरवी अखंड बोलणारा हा गृहस्थ एकाएकी गप्प झाला. त्याचे गप्प होणे हेच आम्हाला सर्वांत भीतिदायक वाटले. वहिनींचा गूळ खिशातून निघाला. त्याने तो खाल्ला, दहा-पंधरा मिनिटांनी आणखी एक खडा खाल्ला, आणि त्याला बोलावेसे वाटू लागले. पण गूळ तेवढ्यापुरता सावरतो. त्यावर लवकरच पोटभर अन्न पडावे लागते. आम्ही त्याचे ओझे आपसांत घेतले आणि पुढच्या वाडीकडे निघालो.

वाडीतल्या पहिल्याच घरी एक वयस्क बाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. काय झाले ते ऐकून त्यांनी सूप बाजूला ठेवले. चूल पेटलेलीच होती. नाचणीच्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि गरम वरण-भात. “खा बाबा, आदी खा, मंग बोल,” एवढेच त्या मित्राला म्हणाल्या. जेवण झाल्यावर आम्ही पैसे पुढे केले. “पैसं कशाला, मास्तर? हाटेलात आलाय व्हय?” असे म्हणून त्यांनी हात मागे घेतला. आम्ही मास्तर आहोत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

येथे आमच्यात पुढे दोन दिवस पुरलेला वाद सुरू झाला. एकाचे म्हणणे, देणाऱ्याने नाही म्हटल्यावर आग्रह करणे हा त्याचा अपमान आहे. दुसऱ्याचे म्हणणे, डिसेंबरात भात नुकतेच घरात आलेले असते म्हणून ही चूल उदार दिसली. हेच घर मे महिन्यात किंवा आषाढात कसे असते हे आपल्याला ठाऊक नाही, आणि दरिद्री घराच्या औदार्यावर आपल्या सुटीचा बेत उभारणे नीतीला धरून नाही. शेवटी आम्ही आमच्या डब्यातला शिधा काढला, दोन किलो तांदूळ आणि किलोभर डाळ, आणि म्हटले, “मावशी, आमचं ओझं कमी करा.” हे मात्र त्यांनी हसून घेतले. तीन माणसांच्या दोन दिवसांच्या वाटेला जेवढे उरले तेवढे पुरे होते. आहुप्यात विकत जेवण मिळते.

पण ‘शिधा दिला’ हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा तिसरा अडखळला. आपल्या समाजात शिधा कोणी कोणाला आणि का दिला, हे आठवून पाहा, असे तो म्हणाला. शिजवलेले अन्न ज्याच्या हातचे चालत नाही त्याच्याकडून कोरडा शिधा चालतो. शिधा हा दानाचा प्रकार होता तसा अंतर राखण्याचाही होता. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात पंढरीच्या वाटेवर एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बायांच्या वेगवेगळ्या पंगती नोंदवल्या आहेत. एकच वाट, एकच विठ्ठल, चुली दोन. त्या लेखावर आम्ही तिघांनीही प्रश्नपत्रिकेत प्रश्न काढले आहेत. आता, त्या बाईंच्या हातचे शिजवलेले आम्ही खाल्ले आणि कोरडे त्यांना दिले, म्हणजे व्यवहार उलटा झाला हे खरे. पण उलटा केल्याने शब्दाचा इतिहास पुसला जातो का? पैसे नाकारणाऱ्या बाईंनी शिधा का स्वीकारला? आम्हाला वाटते, पैशाने त्यांचे घर खाणावळ झाले असते, आणि धान्याने आम्ही त्यांच्या घरी जेवलेली माणसे राहिलो. तिसऱ्याला हे स्पष्टीकरण फार सोयीचे वाटते. दुर्गच्या मुक्कामी आणि आहुप्याच्या वाटेवर यावर पुष्कळ बोलणे झाले, आणि ते मिटले नाही.

भीमाशंकरला पोचलो तेव्हा पिशव्यांत मिळून अर्धा किलो तांदूळ, थोडे मेतकूट आणि तीन खजूर उरले होते. मधुमेही मित्राने स्वतः वजनकाट्याचा आग्रह धरून ते मोजले आणि वहीत लिहिले. पुढचा टप्पा भीमाशंकर ते राजमाचीचा. त्यासाठी एक डबा वाटेत ठेवावा लागेल. तो कोणत्या गावी, आणि त्यात तुरीची डाळ असावी की नाही, यावर सध्या बोलणी चालू आहेत.